मिलिंग मशीन आणि मनसारामचा हात

कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात मनसाराम बावीस वर्षं एकाच मिलिंग मशीनसमोर, धातू कोरणाऱ्या यंत्रासमोर, उभा होता. दोन हजार तीन साली तिथं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं आणि मनसारामला शाल, नारळ व भाषण मिळालं. भाषणात साहेब म्हणाले, जमाना बदलला, हे नवीन काम आता तुमच्या हाताचं नाही. मनसारामनं शाल बायकोला दिली, नारळ फोडून खाल्ला. भाषण मात्र पचलं नाही.

भंगाराच्या लिलावात त्यानं आपलंच जुनं मशीन विकत घेतलं आणि ट्रकात घालून ब्रह्मपुरीजवळच्या गावी, घराच्या पडवीत आणून ठेवलं. पडवीत आधी बकऱ्या राहत. त्यांनी मशीन पाहिलं आणि न सांगता अंगणात मुक्काम हलवला.

मग त्यानं सांगून टाकलं, की हेच मशीन आपण कॉम्प्युटरवर चालवून दाखवणार. सांगितलं तेही देवानंदला. देवानंद म्हणजे बायकोचा, इंदिराबाईचा, धाकटा भाऊ आणि गावच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. सोसायटीला जाळं बुडवायच्या शिशाच्या गोळ्यांसाठी साचा हवा होता. ॲल्युमिनियमच्या दोन पाट्या, दोन्हींत चोवीस-चोवीस अर्ध्या खळ्या. पाट्या जुळवून वरून शिसं ओतलं, की गोळ्या तयार.

"पोळ्यापर्यंत देसान का भाऊजी?" देवानंदनं विचारलं. "नाई तर मी नागपूरहून आणतो. मंग सायेब बरोबर बोलला होता, असं लोकं म्हणतीन. मी नाई म्हणत. लोकं म्हणतीन."

मनसारामनं ब्रह्मपुरीच्या इनायतला गाठलं. इनायत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचा आणि दुरुस्त झालेल्या वस्तूत त्याला फारसा रस नसे. बंद पडलेल्या टायपिंग क्लासचा कॉम्प्युटर त्यानं मिळवला, भंगारातल्या झेरॉक्स मशीनच्या मोटारी काढल्या आणि त्यांना हुकूम देणारं सर्किट साबणदाणीत बसवलं. मशीनचं टेबल सरकवणाऱ्या स्क्रूच्या एका टोकाला मोटार लागली. दुसऱ्या टोकाचं हँडल मनसारामनं तसंच ठेवलं.

"हे काऊन ठेवलं भाऊ?" इनायतनं विचारलं.

"शोभेसाठी."

पहिल्या दिवशी टेबल आपोआप सरकलं तेव्हा अर्धं गाव पडवीत होतं. झिंगू नावाच्या म्हाताऱ्यानं टेबलाखाली वाकून कोणी बसलंय का ते पाहून घेतलं. खळ्या मात्र भलत्याच जागी पडल्या. दुसरी पाटी करून पहिलीवर ठेवली तर वरची खळी पूर्वेला, खालची पश्चिमेला.

तिसरी वेगळ्या तऱ्हेनं चुकली. इनायतनं वायरी बदलल्या, साबणदाणी बदलली, शेवटी कॉम्प्युटरचं तोंड दक्षिणेकडून वळवलं; हे विज्ञानात बसत नव्हतं, पण करून झालं. सहा पाट्या वाया गेल्या. पोळा चार दिवसांवर आला आणि देवानंद नागपूरच्या गाडीची वेळ मोठ्यानं विचारत फिरू लागला.

सातवी पाटी बारा वाजता लागली. तेवढ्यात इंदिराबाईनं ताट वाढलं आणि मनसाराम झिंग्याची भाजी-भात खायला आत बसला. परत आला तेव्हा इनायत पाटी मोजत होता.

"भाऊ, ही बी चुकली," तो म्हणाला. चेहरा मात्र लग्नातल्यासारखा होता. "पण सगळ्या खळ्या सारख्याच चुकल्या. मधल्या थोड्या जास्त, कडेच्या कमी. पण ओळीनं, कायद्यात. दुपारी व्होल्टेज बरोबर ऱ्हाते, म्हणून."

दुसऱ्या दिवशी आठवी पाटीही बाराच्या ठोक्याला लागली. मनसाराम शेजारी उभा. पाटी पुन्हा वाट्टेल तशी चुकली.

इनायत व्होल्टेजला शिव्या घालत होता, तर दारात तांदूळ निवडत बसलेली इंदिराबाई म्हणाली, "काल हे जेवून राह्यले होते."

"त्याचा काय संबंध?" मनसाराम म्हणाला.

"टेबल वापस फिरलं का तुमचा हात जाते हँडलले. मी पाह्यलं. दर वक्ती. जरासाच, थाप मारल्यावानी."

मनसारामनं हाताकडे पाहिलं. हात हँडलवर होता.

जुन्या स्क्रूत ढील असते. टेबल उलटं फिरवलं की हँडल थोडं रिकामं फिरतं, टेबल जागचं हलत नाही. ती ढील हातानं काढूनच पुढं जायचं, हे मनसाराम बावीस वर्षं करत आला होता आणि हात त्याला न विचारता करत होता. आता मोटारीनं धरून ठेवलेला स्क्रू तो हात ढकलत होता आणि कॉम्प्युटरला वाटत होतं, टेबल आहे तिथंच आहे.

म्हणजे साहेब बरोबरच बोलला होता. चूक एकच होती या मशीनमध्ये, ती मनसारामच्या खांद्याला जोडलेली होती. त्यानं पाना घेतला आणि हँडल उतरवलं.

"काढलं तरी ढील ऱ्हाइलच," इनायत म्हणाला. "कालच्या पाटीवानी. किती आहे ते आकड्यात सांगितलं, तर कॉम्प्युटर तेवढी ढील भरून काढते. पण मोजायची कशी? मधी येगळी, कडेला येगळी."

"मोजायची काऊन?" मनसाराम म्हणाला. "डाव्या कडेले डायलचे चार घर. मधात सात, तिथी स्क्रू घासला आहे. उजवीकडं पाच, पण शेवटच्या बोटभर जागेत साडेपाच."

"हे कुठी लिवलं आहे?"

"कुठी बी नाई."

इनायतनं टाइप केलं. हँडलजवळच्या डायलवर आखलेल्या घरांचे मिलिमीटर त्यानं केले, जागा मनसाराम सांगत गेला. दोन बोटांनी टाइप करायला संध्याकाळ झाली. सकाळी मशीन लागलं तेव्हा इंदिराबाईनं फाटकं जाळं नवऱ्याच्या दोन्ही हातांत दिलं आणि विणायला बसवलं. हँडल नव्हतं, तरी टेबल वळलं की त्याचा उजवा हात जाळ्यासकट उचलला जाई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी देवानंदनं पाट्या जुळवल्या, शिसं ओतलं, गार झाल्यावर साचा उघडला. चोवीस गोळ्या निघाल्या. त्यानं एकेक फिरवून पाहिली. दोन अर्ध्यांची सांध नखाला लागेना. त्याला हे आवडलं नाही, पण सोसायटीच्या वतीनं आवडून घ्यावं लागलं.

"साजरं आहे भाऊजी," तो म्हणाला. "पण सगळं कॉम्प्युटरच करते, तर तुमी काय करता?"

"मी हात नाई लावत," मनसाराम म्हणाला. "तू करून पाह एक दिवस."