लादीच्या पोटातलं पाणी

मला हजरजबाबीपणाची खाज होती, आणि एकोणऐंशी साली तिनं माझा घात केला.

एका अवकाशयानानं गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्राचे फोटो पाठवले होते. आमच्या नागपूरच्या कॉलेजात मी त्यावर व्याख्यान ठोकलं. युरोपा म्हणजे तडे गेलेल्या बर्फानं मढलेला गोळा. सूर्यापासून इतका लांब, की आत थेट खडकापर्यंत सगळं गोठलेलं, असं छातीठोकपणे सांगितलं. शेवटच्या रांगेतून एक माणूस उठला. कवडू, बर्फाच्या कारखान्यातला कामगार. त्याची मुलगी प्रेमलता माझ्या बी.एस्सी.च्या वर्गात होती; तिनंच त्याला हौसेनं आणलं होतं.

"आत पाणी असन, सर," तो म्हणाला. "आमची लादी बाहेरून जमत येते. मधात पाणीच राह्यते. ते आमी उपसून काढतो, नाही त लादी मधात पांढरी पडते."

"वा! म्हणजे तिकडेही कोणी कारखाना टाकलाय म्हणा," मी म्हणालो. "एक लादी आमच्याकडेही पाठवा."

सभागृह खो खो हसलं. कवडू खाली बसला.

चार वर्षांनी एका मासिकात वाचलं: गुरूच्या ओढीनं युरोपा आतून कणकेसारखा मळला जातो, तापतो, बर्फाखाली पाणी असण्याची शक्यता आहे. कारण वेगळं होतं, पण बाहेर बर्फ आणि आत पाणी, हे कवडूचंच. मला माझीच चीड आली. मासिक घेऊन सायकलवर नंदनवन वस्तीत त्याचं घर शोधत गेलो, तो मजकूर त्याला उघडून दाखवला आणि सरळ माफी मागितली.

"तुमी हासले त्याचं काही नाही, सर," तो म्हणाला. "पन माही पोरगी बी हासली. सगळ्याइच्यापेक्षा जोरानं. तवापासून मी काही सांगाले गेलो का म्हन्ते, 'बाबा, तुमाले काय समजते.' आता लग्न होऊन भिवापूरले गेली, तरी तेच." मग तो पुढे सरकला. "तिले चिठ्ठी लिहा ना, सर. लिहा, तुहा बाप बरोबर होता. आता पक्कं झालं ना?"

"पक्कं नाही," मी म्हणालो. "शक्यता आहे."

"मंग राहू द्या. असं अर्धवट नोका सांगू तिले. अजून हासन."

त्यानं मासिक मिटून माझ्या हातात दिलं आणि चहा ठेवायला आत गेला.

एरवी वर्गात काहीबाही ठोकून द्यायला मी कधी कचरलो नव्हतो. इथे एक 'हो' पुरलं असतं, आणि नेमका इथेच मी शास्त्रज्ञ झालो.