मोराच्या चादरीचा माळढोक

मी एक जुना कापडी माळढोक आहे. हातमोज्यासारखा हातात घालून नाचवायचा. मला कसर लागली आहे आणि डाव्या डोळ्याचं बटण तुटलं आहे, पण त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मित्रांनो, मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. ती ऐकून तुम्हाला माझं कौतुक वाटू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

माझा जन्म सोलापुरात सिद्धेश्वरीबाईंच्या घरी झाला. बाई रोज एसटीनं तासभर प्रवास करून माळावरच्या एका वाडीत शिकवायला जात. वाडीच्या शाळेत पक्ष्यांचा एक तक्ता होता, पण उन्हानं त्याचे सगळे पक्षी पांढरे पडले होते. म्हणून बाईंनी घरातली एक विरलेली चादर कापायला घेतली. लाल-हिरवी, मधोमध मोराची नक्षी असलेली. चोच पुठ्ठ्याची केली, डोळ्यांना नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं लावली. मोर नेमका माझ्या पाठीवर आला.

खरा माळढोक मातकट रंगाचा असतो, हे बाईंना ठाऊक होतं. समोर पुस्तक उघडं ठेवूनच त्यांनी माझी मान कापली होती. त्यांच्याकडे खाकी कापडही होतं. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि परत पेटीत ठेवलं. "असला मळका पक्षी कोण बघणार?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मला तेव्हा फार आनंद झाला. मातकट व्हायला कुणाला आवडतं?

मी वर्गात गेलो आणि वर्गाचा लाडका झालो. बाईंनी मला इतिहास दिला, विज्ञान दिलं, भूगोलही दिला. एवढं जड अंग असून पक्षी हवेत कसा उडतो, हे मी सांगायचो. बंदुका घेऊन शिकारीला येणाऱ्या साहेबांच्या गोष्टी सांगायचो. नाकतोडे खाऊन मी पीक कसं राखतो, हेही सांगायचो. बोलायचो मात्र अगदी शुद्ध, छापील. या माळावर जन्मलेला एकही पक्षी असं बोलला नसेल. सगळ्यात शेवटी मी मान खाली घालून सांगायचो, "मुलांनो, माझी मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ते गेलं की वर्ष गेलं."

चैताली नावाची एक मुलगी होती, तिसरीतली. तिच्या घरी चार शेळ्या होत्या आणि शाळा सुटली की ती त्यांना माळावर न्यायची. माझी प्रत्येक गोष्ट तिला तोंडपाठ होती. बसला उशीर झाल्यामुळे बाई आल्या नाहीत, तर ती मला हातात घालून पहिलीच्या पोरांना गोष्ट सांगायची. "माळढोक दिसला तर मी लांबच थांबणार," ती सगळ्यांना बजावायची. मनापासून सांगतो, बाईंच्या हातापेक्षा मला तिचा हात आवडायचा.

एक दिवस मधल्या सुट्टीत मुलं खिचडी खायला बाहेर गेली होती. मी टेबलावर पडलो होतो. बिरुदेव आजोबा शाळेच्या नळावर पाणी प्यायला आले. सगळा जन्म त्यांनी त्या माळावर मेंढरं राखली होती. त्यांनी दारातूनच मला पाहिलं.

"बाई, ह्ये कंचं पाखरू म्हणायचं?"

बाईंनी त्यांना माळढोकाची सगळी माहिती दिली. उंची, वजन, एक अंडं.

"मंग ह्यो हूमच की," आजोबा म्हणाले. "नर घुमतो, हूम्म करून. लांबपातूर ऐकू येतंय. म्हणून आमी हूम म्हणतो. पर त्येला असले रंग न्हाईत, बाई. मातीवानी असतोय. बसला तर पायाखाली येईस्तोवर दिसायचा न्हाय. पोरास्नी सांगा की. घरात समदी हूमच म्हणत्यात."

"आजोबा, पुस्तकात माळढोक असंच आहे," बाई हसून म्हणाल्या. "दोन नावं सांगितली की मुलांचा परीक्षेत गोंधळ होतो. आणि रंग मुलांना आवडतात हो."

"तुमी शिकल्याल्या," आजोबा म्हणाले आणि पाणी पिऊन निघून गेले.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते असं. त्या माळावर माळढोकाबद्दल सगळ्यात जास्त ज्याला कळत होतं, त्याला कुणी वर्गात बोलावलं नाही. मी बोलावलं असतं असंही नाही. मला माझे रंग हवे होते.

पुढच्या वर्षी शिक्षकांच्या स्पर्धेत बाईंचा नवोपक्रम, म्हणजे मीच, तालुक्यात पहिला आला. पेपरात आमचा फोटो छापून आला, बाईंचा अर्धा आणि माझा पूर्ण. जिल्ह्याची समिती शाळा पाहायला येणार असं ठरलं. भिंती रंगल्या, माझी शिवण पक्की झाली. चैताली तेव्हा चौथीत होती आणि समितीपुढं गोष्ट तीच सांगणार होती.

समिती येण्याच्या दोन दिवस आधी, परिपाठात मुलं एकेक बातमी सांगत होती. चैताली उठली.

"बाई, काल माळावर माज्या शेळ्यांम्होरं हूम आडवा आला. पंख पसरून अंगावर येत हुता. मी दगडं मारली. लई दगडं मारली, तवा उडाला. त्याचं अंडं हुतं तितं, शेळीच्या पायाखाली फुटलं."

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. "कसा होता दिसायला?" त्यांनी विचारलं.

"मातीवानी. डोक्यावर काळी टोपी."

"बस खाली," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी मला पेटीतून काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी चैताली प्रार्थनेच्याही आधी आली. रात्रभर रडलेली दिसत होती.

"बाई, बिरुदेव आजोबा म्हणत्यात हूम म्हंजीच माळढोक. खरं हाय का?"

मित्रांनो, त्या वेळी बाई खरं बोलल्या असत्या, तर ती पोर आणखी रडली असती. समितीपुढं तिच्या तोंडून गोष्ट निघाली नसती. पण पुन्हा कधी तिनं दगड उचलला नसता. आणि माळावरच्या प्रत्येक पोराला तिनं आवरलं असतं. ती तशीच होती.

बाईंनी पेटी उघडली. त्यांचा हात माझ्या पोटात शिरला. मग माझी चोच हलली आणि माझ्या त्या गोड, छापील आवाजात शब्द आले, "चैताली, आजोबांची चूक झाली बघ. हूम वेगळा आणि मी वेगळा. तो माझ्यासारखा दिसत होता का? सांग बरं."

तिनं माझ्या पाठीवरच्या मोराकडे पाहिलं. "न्हाय," ती म्हणाली आणि हसली.

समितीपुढं तिनं गोष्ट फार सुंदर सांगितली. जिल्ह्यात आमचा पहिला नंबर आला. ऑफिसच्या कपाटात ढाल आहे आणि तिच्यामागं मी आहे. बाई मला आता बाहेर काढत नाहीत. बक्षीस मिळाल्यापासून त्यांनी वर्गात एकही गोष्ट सांगितलेली नाही. त्या धडा वाचतात, मुलं प्रश्नांची उत्तरं लिहून घेतात. मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते.

बिरुदेव आजोबांना मात्र पोरं आता चिडवतात. "आजोबा, तुमाला हूम आन् माळढोकातला फरक कळत न्हाय," असं म्हणून पळतात. ते त्यांना चैतालीनंच सांगितलं आहे.

यंदाच्या पावसाळ्यात माळावर पुन्हा एक पक्षी आला होता. मी कपाटातून ऐकलं. चैताली आता पाचवीत आहे. ती ऑफिसच्या दारात उभी राहून उत्साहानं सांगत होती की, सगळ्या पोरांनी मिळून त्याला पार ओढ्यापलीकडं पळवला. "हूमच हुता, बाई," ती म्हणाली. बाईंनी मान वर केली नाही. त्या हजेरीपटावर लिहीत राहिल्या.

मित्रांनो, आमच्यासारखी बाहुली आपलं आत्मवृत्त सांगताना शेवटी म्हणते, आम्हाला जपा, आमची निगा राखा. मला तसं काही नको. कसर मला खाऊन टाकील आणि ते बरंच होईल. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्यापैकी कुणी त्या वाडीला गेलं, तर चैतालीला गाठा आणि तिला सांगा की हूम म्हणजेच माळढोक. ती रडेल. रडू द्या, पण पुढच्या पावसाळ्याच्या आत सांगा.