मुठीतली टाचणी

कोट शिवणारी बाई सुईला घाबरते म्हटलं की गिऱ्हाइकं हसत. ताईलाही हसू येई. दिवसभर सुया-टाचण्यांत वावरणारी ती, पण दवाखान्यात कुणी इंजेक्शन हातात घेतलं की तिची बोबडी वळायची आणि ती सरळ आडवी व्हायची. एरवी ही थट्टा चालून गेली असती. पण धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, आणि आपली एक द्यायची असं ताईने कबूल केलं होतं. त्यासाठी आधी रक्त तपासायचं. दर वेळी सुई टोचायच्या आधीच ती कोसळायची. इकडे भाऊ दिवसेंदिवस खंगत चालला होता.

शेवटी डॉक्टरांनीच तिला संमोहन उपचार करणाऱ्या बाईंकडे धाडलं.

"कपाटाच्या चाव्या घरी ठेवून जा," नवरा म्हणाला. "डोळ्यांपुढे घड्याळ हलवतात आणि हवं ते वदवून घेतात. माणसाला शुद्धच नसते."

चाव्यांची फिकीर नव्हती; कपाटात होतं काय, तर अस्तराची कापडं. पण 'वदवून घेतात' याची मात्र तिने धास्ती घेतली. आईच्या शेवटच्या आजारपणात हा धाकटा एकदाही फिरकला नव्हता. ताईला त्याचा राग होता, अजून होता, आणि त्या रागाची तिला लाजही वाटत होती. झोपेत ते तोंडून निघालं, डॉक्टरांच्या कानावर गेलं, तर ते तिची किडनी घेणार नाहीत. भाऊ हातचा जाईल.

म्हणून तिने आपल्या परीने बंदोबस्त केला. मुठीत एक टाचणी लपवून नेली. गुंगी आली की टोचून घ्यायची.

बाईंच्या खोलीत घड्याळ होतं, पण भिंतीवर, आणि तेही बंद पडलेलं. बाईंनी तिला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं, मग एखादं आवडतं काम डोळ्यांपुढे आणायला. ताईने मनातल्या मनात कोटाची बाही जोडायला घेतली. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तेही तिला ऐकू येत होतं. खांदे मात्र सैल पडत चालले. हीच ती गुंगी, असं वाटून तिने टाचणी खुपसली. थोड्या वेळाने पुन्हा.

"बोटाला काय झालं?" बाईंनी विचारलं.

ताईने ओशाळून मूठ उघडली. "मी झोपले नाही हं. सगळं ऐकू येत होतं. माझ्यावर नाही चालत हे."

"झोपायचं नसतंच. कामात भान हरपतं ना तुमचं, तसंच हे. आणि तुम्हाला जे सांगायचं नाही, ते मला काढून घेता येत नाही. नको वाटलं तर आत्ता उठून जा." बाई टाचणीकडे बघत राहिल्या. "तुम्ही सुईला घाबरता ना? मग हे कुणी टोचलं?"

ताईने रक्ताचा थेंब पाहिला. घेरी आली नव्हती. तिला खुदकन हसू आलं.

"सुई तुमच्या हातात असली की भीती नाही," बाई म्हणाल्या. "टोचणारी दुसरी असली तरी होकार तुमचाच, एवढंच आपण शिकू. जादू नाही ही. सराव तुम्हालाच करायचा, आणि जमेलच असंही मी सांगत नाही."

ताईने सराव केला. मशिनपाशी डोळे मिटून ती मनाने प्रयोगशाळेत जायची, नर्सला थांबवायची, मग स्वतःहून 'टोचा' म्हणायची. नवऱ्याच्या मते बाईंनी तिला भुरळ घातली होती. तिने त्याला बोलू दिलं.

खरी सुई समोर आली तेव्हा छाती धडधडलीच. "थांबा," ती म्हणाली, आणि नर्स खरंच थांबली. त्याने तिला केवढा तरी धीर आला. "आता टोचा." नळीत रक्त उतरत गेलं आणि ताई बसलेलीच राहिली.

बाहेर बाकावर धाकटा होता. तिला आपल्या पायांनी येताना पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. ताई शेजारी बसली. कुणी वदवून घेत नव्हतं, तरी म्हणाली, "आईच्या वेळी तू आला नाहीस. त्याचा राग आहे मला. अजून आहे."

त्याचा चेहरा उतरला. "तुला द्यायची नाहीये म्हणून तू चक्कर येऊन पडतेस, असंच वाटायचं मला. नाही म्हणालीस तरी चालेल, ताई."

"राग आहे म्हणाले. देणार नाही कुठे म्हणाले?"

धाकटा तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर रडायला लागला. ताईने त्याचा हात घट्ट धरला.

"आधी बरा हो," ती म्हणाली. "मग आपल्याला नीट भांडायचंय."