मुका खांब

नोव्हेंबरच्या एक तारखेला माझ्या मुलीने शेजारच्या खोलीतून मला व्हॉट्सअॅपवर विचारलं, "आई, वहीत सुसर लिहिलंय, ते ससुर आहे ना?"

मी मुळ्याचा पाला चिरत होते. हात पुसले, चष्मा लावला आणि लिहिलं, "सुसर म्हणजे मगर. सासऱ्याचा इथे काही संबंध नाही." पाठवल्यावर वाटलं, दुसरं वाक्य नको होतं. केतकीचं लग्न मोडून दीड वर्ष झालं होतं आणि सासर या विषयावर आमच्यात कोणी विनोद करत नसे. तिने अंगठा पाठवला. त्या काळात आमच्या घरात अंगठा म्हणजे पुष्कळच बोलणं झालं.

केतकी एकतीस वर्षांची. जन्म आणि बालपण सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधलं, त्यामुळे तिचं मराठी घरापुरतं. जेवणखाण, औषधपाणी आणि रुसवेफुगवे एवढं तिला छान येतं. सुसर, कोनाडा, उंबर हे शब्द तिच्या वाट्याला आलेच नाहीत. त्यात दोष माझाच. चौतीस वर्षं मी एका केंद्रीय मंत्रालयात फायली पुढे सरकवल्या, सेक्शन ऑफिसर म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झाले. फाइल आली की वाचायची, "पाहिले" असं लिहून सही करायची आणि वर पाठवायची. मत विचारलं तरच द्यायचं, आणि विचारत कोणी नसे. या सवयीने माझी नोकरी निर्वेध पार पडली. घरी तिचा काय उपयोग झाला ते पुढे येईलच.

वही माझी. क्वार्टरच्या हिरवळीवर हिवाळ्यात दुपारी आम्ही मराठी बायका उन्हाला पाठ करून बसायचो, शेंगा सोलायचो आणि विणायचो. तेव्हा एकमेकींकडून उतरवून घेतलेले नमुने तिच्यात आहेत. सुसर मी केतकीसाठीच क्रोशाने विणली होती. ती चार वर्षांची असताना ही सुसर कुशीत घेतल्याशिवाय झोपायची नाही. पुढे एका घरबदलीत सुसर हरवली, वही मात्र राहिली.

आता ती वही केतकीने काढली, कारण तिने इंटरनेटवरच्या एका स्पर्धेत नाव घातलं होतं. जगभरच्या विणणाऱ्या बाया, काही बाप्येही, नोव्हेंबरभर एकेक अद्भुत प्राणी विणणार. पंखवाले घोडे, तीन डोक्यांचे कुत्रे, असलं काहीतरी. दर रविवारी फोटो टाकायचा आणि नमुना कुठून घेतला ते प्रामाणिकपणे लिहायचं. केतकीला ड्रॅगन करायचा होता. सुसरीला पंख लावले की झाला ड्रॅगन, असा तिचा हिशेब. हिरवी लोकर तिने पानिपतहून मागवली. मराठी माणसाने पानिपतहून काही मागवावं का, असं मनात आलं, पण बोलले नाही. ही एवढीशी थट्टाही मी त्या दिवसांत करत नव्हते.

भांडण झालं असतं तर बरं होतं. आमचं भांडण झालंच नव्हतं. दीड वर्षापूर्वी केतकी सासरहून, ग्वाल्हेरहून, चार दिवसांसाठी आमच्या नोएडाच्या घरी आली होती आणि परत जायला तयार नव्हती. तेव्हा जयदीप, म्हणजे तिचा नवरा, आईला घेऊन "समजुतीने मिटवायला" आमच्याकडे आला. माझे यजमान भूविज्ञान खात्यात, पोस्टिंग शिलाँगला, अजूनही तिकडेच. म्हणजे घरची मोठी मीच. जयदीपच्या आईने सोफ्यावर बसून दीड तास केतकीचे दोष मोजले. उशिरा उठते. देवापुढेही हिंदीत बोलते. फोनवर मोठ्याने हसते. उलट उत्तर देते. केतकी समोरच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती. मी दोनदा चहा केला आणि चिवड्याची बशी तीनदा फिरवली. जाताना त्या बाई म्हणाल्या, "तुमचं काही म्हणणं नाही, म्हणजे तुम्हालाही हे पटतंय." तरी मी त्यांना लिफ्टपर्यंत पोचवायला गेले.

परत आले तेव्हा केतकी म्हणाली, "आई, तू एक शब्द बोलली नाहीस." त्यावरही मी काही बोलले नाही.

नंतर सगळं रीतसर झालं. वकील, तारखा, सह्या. केतकी घरातच राहिली, पण कामापुरतं बोलू लागली, आणि पुढे तेही फोनवर गेलं. दूध संपलंय. प्लंबर आला होता. अंगठा. ऑक्टोबरमध्ये तिचं ऑफिस गुरगावला हललं, आणि दिवाळी झाल्यावर मेसेज आला: एक डिसेंबरपासून तिकडे एका मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेतलाय, टेम्पो सांगितलाय. मी लिहिलं, "ठीक."

तिने जाण्याला माझी हरकत नव्हती. नोएडाहून गुरगाव म्हणजे येऊन-जाऊन दिवसाचे चार तास मेट्रोत, कोणीही जाईल. पण ती अशी न बोलता गेली असती, तर पुढे आली असती ती पाहुणी म्हणूनच. आल्यावर चहा घेतला असता, कशी आहेस विचारलं असतं, आणि घड्याळ बघून उठली असती. ते मला नको होतं. त्या दिवसाबद्दल मला तिच्याशी बोलायचं होतं, आणि हातात एक महिना होता.

दोन तारखेला मी भाजीच्या ठेल्यावर मटार निवडत असताना तिचा दुसरा मेसेज आला. "मुका म्हणजे किस ना?" मला वाटलं, कुठे शब्द अडला असेल. मी लिहिलं, "हो." लहानपणी एक मुका दे म्हटलं की ती गाल पुढे करायची, त्यामुळे हा शब्द तिच्याकडे शिल्लक आहे याचं मला बरंच वाटलं. घरी येताना मी मटार जरा जास्तच घेतले होते.

पाच तारखेला सोफ्यावर तिची हिरवी शेपटी पडलेली दिसली, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वहीत लिहिलं होतं, "सहा मुके खांब." क्रोशात खांब म्हणजे उभा टाका. सुईवर वेढा न घेता घातला की तो बुटका राहतो, वर डोकं काढत नाही, म्हणून मुका खांब. मुका म्हणजे न बोलणारा. केतकीने काय केलं होतं, तर प्रत्येक ठिकाणी दोन खांब शेजारी उभे करून त्यांची डोकी एका टाक्यात जुळवली होती. चुंबन घेणारे खांब. तिच्या परीने अर्थ बरोबर लावला होता.

त्यामुळे सुसरीचं मापच बिघडलं. वीतभर व्हायची ती हातभर होत चालली होती. पण जोडखांबांमुळे अंगावर अशी फुगीर, एकावर एक चढलेली खवलं उठली होती की मी शेपटी हातात घेऊन बघतच राहिले. माझी सुसर गुळगुळीत होती. खरं तर ती सुसरीपेक्षा पडवळासारखीच दिसायची.

सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. चूक सांगायची म्हणजे उसवायला लावायचं. आणि आमच्यात दीड वर्षानंतर एक शब्द आला होता, तोही मुका. तो तसा नाही हे सांगायला जीभ उचलेना. शेपटी जशी होती तशी ठेवून दिली. थोडक्यात, पाहिले.

दुसऱ्या रविवारच्या फोटोनंतर ड्रॅगन गाजायला लागला. हे मला कसं कळलं, तर मीही स्पर्धेच्या ग्रुपमध्ये गुपचूप नाव घातलं होतं. आयर्लंडच्या एका बाईने विचारलं, ही खवलं कोणत्या टाक्याची? केतकीने इंग्रजीत उत्तर दिलं होतं: हा माझ्या आईचा टाका आहे. मराठीत त्याला मुका म्हणतात, म्हणजे चुंबन. त्याखाली लाल बदामांची रांगच लागली. तिसऱ्या आठवड्यात चिलीमधल्या कोणी मुका टाक्याची टोपी केली, पोलंडच्या कोणी शाल. माझ्या आईचा टाका. हे तीन शब्द मी बऱ्याचदा वाचले. आनंद झाला हे खरं, आणि चोरी केल्यासारखंही वाटलं.

बाहेर हवा इतकी खराब की खिडक्या बंद, प्युरिफायरचा दिवा सतत लाल. केतकीला घरून काम करायला सांगितलं होतं. एका घरात दोघी दिवसभर, मध्ये एक दार. दारापाशी खोकी वाढत चालली होती. मी रोज ठरवायची, आज बोलू, आणि रोज गाजरं किसायची. त्या महिन्यात आम्ही चारदा गाजर हलवा खाल्ला.

सत्तावीस तारखेला मेसेज आला. "ग्रुपची अॅडमिन सगळे नवे टाके एका लिस्टमध्ये घालणार आहे, कायमचे. मुकाचं ओरिजिन काय लिहू? उद्यापर्यंत."

कायमचे, हा शब्द मला झोंबला. नोकरीत मी पुष्कळ गप्प बसले, पण चुकीच्या नोंदीवर कधी सही केली नाही. फोन खाली ठेवला, उत्तर लिहिलं नाही, आणि तिच्या खोलीचं दार वाजवून आत गेले. मला बघून ती जरा दचकलीच. पलंगावर पाय पसरून बसली होती, मांडीवर ड्रॅगन, भोवती चिकटपट्टी लावलेली खोकी.

"ते ओरिजिन," मी उभ्यानेच म्हणाले. "चूक लिहू नकोस. वहीतला मुका म्हणजे तो मुका नाही. मुका म्हणजे गूँगा. न बोलणारा."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"चार तारखेपासून. यूट्यूबवर नाशिकच्या एक काकू शिकवतात ना, त्यांचं पाहिलं. बिल्कुल छोटासा टाका आहे तो. माझी तेव्हा दोन इंच शेपटी झाली होती."

"मग उसवली का नाहीस?"

तिची सुई थांबली. "मी विचारलं, मुका म्हणजे किस ना, आणि तू हो म्हणालीस. मला वाटलं, चलो, आई काहीतरी तरी म्हणाली." मग सुई खाली ठेवून म्हणाली, "मला तो गूँगावाला नको होता, आई. तो आपल्याकडे खूप आहे."

मी खोक्यावर बसले. आत पुस्तकं असावीत, बसल्यावर ते हललं नाही.

"त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," मी म्हणाले. "जयदीपच्या आईला उठवायला हवं होतं सोफ्यावरून. मी घाबरले. वाटलं, मी बोलले तर तुझं घर मोडेल."

"मोडलंच ना."

"हो. आणि वर तू एकटी पडलीस. त्याचं मला फार वाईट वाटतं. रोज वाटतं."

एवढंच होतं. दीड वर्ष जे गिळून बसले होते ते बोलायला अर्धं मिनिटही लागलं नाही. केतकी रडली नाही. मी रडले, आणि पदर नसल्यामुळे तिच्या पानिपतच्या लोकरीला डोळे पुसले. ती बोचते.

"चिवडा तू तीनदा फिरवलास," केतकी म्हणाली. "मी मोजत होते. त्या बाईंनी तीनदा घेतला."

"चांगला झाला होता," मी म्हणाले, आणि ती हसली. मोठ्याने, ग्वाल्हेरला चालत नसे तशी.

"गुरगावला जाऊ नकोस असं मी म्हणत नाही," मी म्हणाले. "पण शनिवारी येत जा."

"शनिवारी राजीव चौकला मेट्रो बदलताना किती गर्दी असते, माहीत आहे तुला?"

"मग मी येते."

तिने पलंगावर सरकून जागा केली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ड्रॅगन पुरा झाला होता, पंखही लागले होते. फक्त नाकाच्या शेंड्यावर एक टाका राहिला होता. तिने तो सुईसकट माझ्या हातात दिला.

"हा तू घाल. मग मी लिस्टमध्ये दोघींचं नाव लिहिते."

मी सवयीने सुई खुपसली, वेढा न घेता दोरा ओढणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"वहीतला नको," ती म्हणाली.

मी सुई बाहेर काढली आणि तिच्याकडे दिली. "मग तुझा शिकव," म्हटलं. "तो मला येत नाही."