डावी पापणी

इलोइलो शहरातल्या इस्पितळात सकाळपासून माझी बायको लिगाया झटके सोसत होती. हृदय बेताल धावलं की छातीत बसवलेलं यंत्र दणका द्यायचं. औषधं हरली. पहाऱ्याला मी एकटाच, बसून बसून थकलेला. शेवटी डॉक्टर सलोंगांनी तिच्या मानेत डावीकडे इंजेक्शन दिलं. हृदयाला चिथावणाऱ्या नसा बधिर करायच्या होत्या.

थोड्या वेळानं तिची डावी पापणी लोंबली. मला अर्धांगवायूच वाटला. भीड सोडून मी डॉक्टरांना हाक मारली.

"पापणीलाही त्याच नसा उचलून धरतात. ती पडली म्हणजे सुई नेमकी लागली, आजोबा," मॉनिटर पाहत त्या म्हणाल्या. "उघडेल हळूहळू."

"जन्मभर डोळे मारले, तेव्हा यांचं पुस्तकातून डोकं वर आलं नाही," लिगाया पुटपुटली.

तिच्या चेहऱ्यावरून नजर न हलवता मी पुढच्या झटक्याची वाट पाहत राहिलो. तो आला नाही. तिची उजवी पापणीही झोपेनं मिटली, तेव्हा कुठे मी मॉनिटरकडे पाहिलं. ठोके एका लयीत पडत होते.