मेव्हिसच्या घरचा डबा

मित्रांनो, आधी माझं झाकण जरा वर करा. घाबरू नका, वास येणार नाही. वास येण्याइतकं काही माझ्या पोटात पडलं, त्याला आता बरीच वर्षं झाली.

मी एक जुना कचऱ्याचा डबा आहे. दोन चाकांचा, माणसाच्या छातीइतका उंच. मूळचा गडद हिरवा, पण उन्हाने रंग उडून आता वाळलेल्या वाटाण्यासारखा दिसतो. पेनरोझ वेल गावात, रेल्वे टेरेस नावाच्या रस्त्यावर, मेव्हिस ट्रेझाइसच्या घराच्या भिंतीशी माझा मुक्काम असतो. रेल्वे टेरेसवर रेल्वे नाही. ती गेली आणि नाव मागे ठेवून गेली. आमच्या गावातून जाणारे सगळे असेच जातात.

माझा जन्म ॲडलेडच्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात गेलं, थंड झालं, आणि मी बाहेर आलो. जन्मकथा एवढीच. एकात एक रचलेले आम्ही भाऊ ट्रकमधून गावी आलो आणि घरोघरी एकेक उतरलो. त्या दिवशी आमचं फार कौतुक झालं. तोवर पत्र्याचे डबे होते आणि ते माणसाला खांद्यावर उचलावे लागत. आता ट्रकला लोखंडी हात आहे. तो आम्हाला कमरेला धरतो, उलटं करतो, झटकतो आणि खाली ठेवतो. चालक खाली उतरत नाही. आत काय होतं हे त्याला कळत नाही, आणि कळावं म्हणून त्याला नेमलेलंही नाही.

गावाचं वय डब्याला विचारावं. सुरुवातीला माझ्या पोटात बाळांचे डायपर असत, दुधाच्या पावडरीचे डबे असत, फाटके फुटबॉलचे बूट आणि फुटलेले फुगे असत. मग शाळेच्या वह्या आल्या. मग एकदा फार मोठा ढीग आला, कारण मुलगा शहरात निघाला की आई त्याची खोली आवरते. त्यानंतर कमी कमी होत गेलं. मग औषधांच्या पट्ट्या आल्या. शेवटी पुन्हा डायपर आले, पण मोठ्या मापाचे. लहान मापाचे संपले तेव्हाच मला कळलं होतं, शाळा बंद होणार. शिक्षणखात्याला ते नंतर कळलं. पण डब्याचं मत कोण घेतो?

मेव्हिस वारली तेव्हा तिचा मुलगा ग्लेन शहरातून आला, दाराला कुलूप लावून म्हणाला, "ख्रिसमसला येऊन बघतो." कोणता ख्रिसमस, ते बोलला नाही.

आमच्या गावची एक रीत आहे. शेजारी आजारी असो, बाहेरगावी असो, त्याचा डबा सोमवारी संध्याकाळी आपण रस्त्याच्या कडेला ओढायचा आणि मंगळवारी ट्रक गेला की आत न्यायचा. त्यावर कुणी आभार मानत नाही, मानले तर उलट राग येतो. मेव्हिस रुग्णालयात होती तेव्हा शेजारच्या नोला हार्टविगने मला बाहेर काढलं. मेव्हिस गेली, तरी काढलं. कधी थांबायचं हे रीतीत सांगितलेलं नव्हतं, म्हणून नोला थांबली नाही. सगळ्या रस्त्यावर तसंच चाललं होतं. जितकी घरं बंद झाली, तितके डबे शेजाऱ्यांच्या अंगावर आले.

त्यात रिकामा डबा वाऱ्याने पडतो. मग नोला आपल्या पिशवीतलं थोडं माझ्यात टाके. चहाची पुडकी, बटाट्याची सालं, वर एक वर्तमानपत्र. मोजक्या घरांचा कचरा अख्ख्या रस्त्याला वाढला जाई, पाहुणे जास्त झाले की आमटी पुरवून वाढतात तसा.

मंगळवारी सकाळी आम्ही रांगेत उभे असायचो. घराकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. गव्हाच्या कोठारांकडून वारा यायचा, एकेकाचं झाकण उचलून आत बघायचा आणि टाकून द्यायचा. ठप्. पुढच्याचं. ठप्. वाटसरूला वाटावं, काय नांदतं गाव आहे. आम्हा डब्यांना एकमेकांचं ठाऊक होतं. पण आमच्यातही कुणी बोलत नसे.

अशात गावात नर्स आली. मारिसेल तिचं नाव, फिलिपिन्सची. नोलाच्या पायाला एक जखम होती, भरता भरत नव्हती. दिवसाआड पट्टी बदलावी लागे. पट्टी बदलणारं कुणी असेल तोवरच नोला आपल्या घरात राहू शकणार होती. नाहीतर दोन तासांवरच्या शहरातला वृद्धाश्रम. नोलाने त्याचं नाव "ती वेटिंग रूम" असं ठेवलं होतं.

मारिसेलचा नवरा आणि मुली ॲडलेडला होत्या. ती स्वतः पबच्या मागच्या केबिनमध्ये राहायची. एकदा व्हरांड्यात पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "नोलाबाई, गहू कापायला आला की मला केबिन सोडावी लागणार. मालक म्हणतो, कापणीवाल्यांचं बुकिंग दरवर्षीचं आहे."

"मग घर बघ की, पोरी."

"तेच बघतेय. या रस्त्यावर एखादं रिकामं आहे का?"

नोलाने चष्मा सरळ करून रस्ता नीट पाहिला. "या रस्त्यावर? छे. सगळी भरलेली आहेत."

"ते समोरचं?"

"ते शूबर्टचं."

"ते कुठे असतात?"

"क्वीन्सलँडला, लेकीकडे. आता तो काही परत यायचा नाही, त्याला तिथली हवा मानवली."

"आणि हे शेजारचं?"

"हे मेव्हिसचं."

"मेव्हिसबाई कधी भेटतील?"

"इतकी घाई करू नकोस. ती दफनभूमीत आहे."

मारिसेलचा हात थांबला. "म्हणजे रिकामं आहे."

"रिकामं कसं? मेव्हिसचं आहे म्हटलं ना. तिचे पडदे आहेत, कपबश्या आहेत. डबा मी स्वतः काढते."

नोला खोटं बोलत नव्हती बरं का. आमच्या गावात घरं रिकामी होत नाहीत. फक्त त्यांतली माणसं जातात.

मारिसेल आली त्याच हिवाळ्यात लिंडसे कॉर्नो कुंपणाशी आला. लिंडसे हा गावसुधार समितीचा अध्यक्ष. समितीत पूर्वी बरेच सभासद होते. आता ठराव तोच मांडायचा आणि अनुमोदन नोला द्यायची. दोघं एकाच वर्गात शिकलेले.

"नोला, सरकारी बाई येतेय. मंगळवारी."

"कशाला?"

"घरांची स्थिती बघायला."

"बघून काय करणार?"

"ते ती फोनवर सांगत होती. पण मी स्थितीपर्यंत ऐकलं आणि म्हटलं, या, खुशाल या. पुढचं ऐकत बसलो असतो तर तयारी कोण करणार?"

"लिंडसे, तू शाळेतही प्रश्न पूर्ण वाचायचा नाहीस."

"तुझी उत्तरं बघायचो. पासही झालो. आता ऐक. वरच्या गावात अशीच कुणीतरी बघून गेली, आणि बँक बंद झाली, पाठोपाठ टपाल. मेलेलं गाव दिसलं की ते उरलेलंही नेतात. आपलं गाव मेलेलं दिसता कामा नये."

मित्रांनो, त्या आठवड्यात रेल्वे टेरेसला जी कळा आली, तशी माणसं होती तेव्हाही नव्हती. बंद घरांसमोरचं गवत कापलं गेलं. खिडक्यांचे पडदे वर झाले. दोऱ्यांवर कपडे वाळत पडले. मेव्हिसच्या दोरीवर घालायला लिंडसेने आपली पँट आणली.

"मेव्हिसच्या दोरीवर तुझी पँट?" नोला म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक?"

 नोलाने कपड्यांचे दोन चिमटे काढून दिले.

सोमवारी संध्याकाळी सगळे डबे बाहेर आले. कचरा मापाने वाटला गेला. माझ्या वाट्याला अंड्याची टरफलं, केळ्याची साल आणि खरीखुरी मटणाची हाडं आली. इतकं भरल्यासारखं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. 

मंगळवारी बाई आली. डोना नावाची, बोलायला चांगली. मोटार हळू चालवत तिने रस्ता पाहिला, उतरली, आणि नेमकी माझ्याजवळ येऊन तिने माझं झाकण उचललं. हाडं पाहिली. झाकण हळूच खाली ठेवलं.

"गाव छान ठेवलंय तुम्ही," ती लिंडसेला म्हणाली. "बंद घरं किती आहेत?"

"एकही नाही."

"एकही? मला तर वाटलं होतं..."

"बाई, डबे बघा ना."

"बघितले. बरं वाटलं हो. सगळीकडे रडगाणंच ऐकते." तिने मोटारीचं दार उघडलं. "आमची योजना बंद पडलेल्या घरांसाठी आहे. डागडुजी आम्ही करतो, घर नर्सला, पोलिसाला भाड्याने देतो, भाडं मालकाला. तुम्हाला तिची गरज नाही, तर पुढच्या गावाला उपयोग होईल."

मोटार निघाली. लिंडसे हात हलवत राहिला, कारण तो थांबवायचा कसा हे त्याला कळेना.

"लिंडसे," नोला कुंपणाआडून म्हणाली.

"काय?"

"तोंड उघड. हाक मार तिला."

"आणि काय सांगू? आत्ताच म्हटलं ना, एकही नाही."

"मग मी मारते."

पण पट्टी बांधलेल्या पायाने ती फाटकापर्यंत पोहोचली, तोवर मोटार कोठारांपलीकडे वळली होती. मागे नुसती धूळ. नोलाने त्याला फोन करायला लावला. त्याने केलाही, मनाची तयारी करून, काही दिवसांनी. तोवर योजनेची यंदाची गावं ठरून गेली होती.

मग नोलाने स्वतः ग्लेनला फोन लावला. व्हरांड्यातून तिचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"ग्लेन, घर नर्सला भाड्याने दे... हो रे, तुझ्या आईचंच आहे... तिच्या कपबश्यांना कोणी हात लावणार नाही... ख्रिसमसला? बाळा, ख्रिसमस दरवर्षी येतो, तू येत नाहीस... हो, परक्या देशातली आहे. तू तरी आता कुठे इथला राहिलास?"

 पलीकडून फोन ठेवला गेला.

पुढच्या पट्टीच्या वेळी ती मारिसेलला म्हणाली, "हे शेजारचं घर आहे ना, ते रिकामं आहे."

"मला माहीत आहे, नोलाबाई."

"समोरचंही. कोपऱ्यावरचंही."

मारिसेलने पट्टीचं टोक नीट दुमडलं. "मी किनाऱ्यावरच्या रुग्णालयात नोकरी घेतली. तिथे घर देतात. मुलींना शाळा आहे."

"चांगलं झालं," नोला म्हणाली. मग म्हणाली, "आणि हा पाय?"

 

त्या सोमवारी नोलाने मला बाहेर काढलं नाही. मी भिंतीशीच राहिलो. रांगेत एक खिंडार पडलं, दात पडल्यासारखं. लिंडसे लगबगीने आला आणि त्याने माझी मूठ धरली.

"नोला, विसरलीस."

"विसरले नाही. ठेव त्याला. रिकामा आहे तो."

"असं मोठ्याने बोलू नये."

"रिकामा आहे, लिंडसे. हळू बोललं म्हणून भरणार नाही."

"आणि तू गेलीस की?"

"मग माझाही."

 लिंडसेने मला ओढलं. माझी चाकं डांबरावर खडखडत गेली आणि तो मुद्दाम मागे न बघता चालला.

कापणी सुरू झाली. यंत्रं रस्त्याने गेली, पबच्या केबिनी भरल्या, मारिसेल गेली. त्यानंतर नोलाला न्यायला वृद्धाश्रमाची गाडी आली. तिच्याकडे एकच पिशवी होती. किल्ली तिने लिंडसेच्या हातात ठेवली.

"डबा मी काढत जाईन," तो म्हणाला.

"काढू नकोस, गाढवा."

त्याने मान हलवली, म्हणजे तो काढणार होता.

तेव्हापासून लिंडसे एकटाच आहे. म्हणजे गावात आणखी दोन-तीन माणसं आहेत, पण ती दुसऱ्या टोकाला आहेत आणि त्यांनाही दुरून आमची रांग दिसते. सगळं ठीक आहे, असं त्यांना वाटतं. दर सोमवारी लिंडसे एक पिशवी घेऊन निघतो आणि प्रत्येक डब्यात थोडं थोडं टाकतो. माझ्यात एखादं टरफल. नोलाच्या डब्यात चहाचं पुडकं. मग एकेकाला बाहेर ओढतो. हल्ली माझ्यापाशी आला की मूठ धरून उभाच राहतो. त्याचा श्वास मला ऐकू येतो, मधेच अडकल्यासारखा. तो दमला आहे हे कुणाला दिसत नाही. कुणाच्या घरात काय झालं, हे बाहेरून कळण्याची सोय आम्ही इतक्या वर्षांत मेहनतीने बंद करून टाकली आहे.

मित्रांनो, माझ्यासारखे बाकीचे तुम्हाला सांगतील, आम्हाला धुवा, पुसा, सावलीत ठेवा. मला त्यातलं काही नको. शेजाऱ्याचा डबा जरूर काढा, पण आधी त्याचं दार वाजवा. आणि घर रिकामं असेल तर त्याला रिकामं म्हणा. ज्याला राहायला जागा हवी आहे, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणा. म्हणणारं कुणी शिल्लक आहे तोवरच म्हणा.

आज सोमवार आहे. ऊन कोठारांमागे उतरलं आहे आणि वारा सुटला आहे. मी अजून भिंतीशीच आहे. नोलाचा डबा तिच्या भिंतीशी, शूबर्टचा त्याच्या. लिंडसेच्या खिडकीचा पडदा सकाळपासून खालीच आहे. रस्त्याच्या कडेला एकही डबा नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आमचा रस्ता जसा आहे तसा दिसतो आहे.

कुणीतरी बघायला या.