मनगट ते कोपर

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, पायऱ्यांवरही माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि व्यासपीठावर एक आडदांड तरुण एका पायावर उभा राहून हात बाजूला पसरून थांबला होता. स्वतःला व्यायामाचे गुरू म्हणवणाऱ्या बलगुरूंनी त्याच्या हातावर दोन बोटं ठेवून जरासं दाबलं. तरुण कोलमडला. मग बलगुरूंनी त्याला एक काळा पट्टा बांधला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा दाबलं. या वेळी बलगुरू जवळजवळ लोंबकळले, तरी गडी ढिम्म हलला नाही. टाळ्यांनी छत खाली यायचं तेवढं बाकी राहिलं.

"पदवी म्हणजे कागद," बलगुरू म्हणाले. "कागदाने कुणाचं पोट आत गेलंय का? हाडांची नावं पाठ करणाऱ्यांना करू देत. माझा पट्टा बांधा, उद्यापासून तुम्ही फिटनेस कोच. शिकवायचं काय ते शक्तीच सांगेल."

मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि माझ्या मनात निव्वळ सूड होता. उगाच सज्जनपणाचा आव आणत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझा नवरा शिंपी. त्याच्या मणक्यातली गादी सरकली होती. मी दिलेले व्यायाम त्याला कंटाळवाणे वाटायचे, म्हणून माझ्या नकळत तो बलगुरूंच्या एका चेल्याकडे गेला. हा चेला तोवर मोबाइलची कव्हरं विकत होता. त्याने कमरेवरून पट्टा फिरवला, दुखणं गेलं असं जाहीर केलं आणि नवऱ्याला वजन उचलायला लावलं. नस दाबली गेली. ऑपरेशन झालं, पण उजवं पाऊल वर उचललं जात नाही ते नाहीच. शिलाई मशीनचं पायडल त्या पावलाला आवरत नाही. आता तो कापड बेततो आणि शिवायला दुसऱ्याला देतो. मी जाब विचारायला गेले, तर बलगुरू म्हणाले, तुमच्या मिस्टरांची श्रद्धा कमी पडली.

एवढं होऊन माझ्या बहिणीची मुलगी त्यांचाच पट्टा घ्यायला पुढच्या रांगेत बसली होती. ती व्यायामशास्त्र शिकते. स्नायूंची ताकद तपासायच्या प्रात्यक्षिकात नुकतीच नापास झाली होती. एका पेशंटचा एक हात तिने मनगटापाशी दाबला आणि दुसरा कोपरापाशी, आणि पहिला हात अशक्त आहे असं ठोकून दिलं. परीक्षकांनी तिला सगळ्यांदेखत झापलं. घरी येऊन ती ढसाढसा रडली आणि म्हणाली, कॉलेज सोडते, बलगुरूंकडे लगेच काम मिळेल. बहिणीने समजावलं, मी समजावलं. तिचं एकच, मावशी, तू काकांपायी आलेल्या रागातून बोलतेस. राग होताच, नाही कशाला म्हणू? म्हणून मी वाद सोडला आणि तिच्याबरोबर इथे आले.

कुणाला शंका आहे का, असं बलगुरूंनी विचारताच मी हात वर केला. व्यासपीठावर गेले आणि एवढंच मागितलं, की माझ्या भाचीला जवळून बघू द्या. होणारी शिष्या म्हटल्यावर ते खूश झाले आणि तिलाही वर बोलावलं. मी एका पायावर उभी राहिले. त्यांनी दाबलं, मी कोलमडले. पट्टा बांधला, पुन्हा दाबलं, मी ताठ उभी. सभागृह दणाणलं. मी भाचीकडे बघत राहिले. तिच्या कपाळावर आठी पडली होती.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "यांनी दाबायची जागा बदलली. आधी मनगट, मग कोपर."

बलगुरूंच्या कॉलरच्या माइकने ते सगळ्यांना ऐकवलं.

"बाळा, शक्तीला जागा नसते," ते हसत म्हणाले.

"मग पट्ट्याशिवाय कोपरापाशी दाबा."

शक्ती आज थकली आहे, असं बलगुरू सांगू लागले. मी म्हटलं, तुम्ही कष्ट घेऊच नका, आम्ही दाबतो, तुम्ही फक्त उभे राहा. एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? स्वतःचा पट्टा बांधून ते एका पायावर उभे राहिले. भाचीने मनगटापाशी बोटं ठेवली आणि खाली, किंचित बाहेरच्या बाजूला दाबलं. बलगुरू धपकन खाली बसले.

मग मी पर्समधून नवऱ्याचा जुना मोजा काढला. घरून मुद्दाम आणला होता. मघाच्या आडदांड तरुणाच्या हाताला तो बांधला, आणि भाचीने कोपरापाशी, अंगाच्या दिशेने जोर लावला. तरुण जागचा हलला नाही. लोक हसू लागले ते थांबेनात.

भाचीने मग माइक घेतला. कडीपाशी ढकललं की दार सहज उघडतं, बिजागरीपाशी ढकललं तर जड जातं. हाताचंही तसंच. शिवाय जोर बाहेरच्या बाजूला लावला की तोल जातो, अंगाकडे लावला की भार उभ्या पायावर येतो. "यात पट्टा कुठेच नाही," ती म्हणाली. "हीच चूक करून मी नापास झालेय. हे तीच चूक करून गुरू झालेत."

बलगुरू अजून उठतच होते. मी वाकून त्यांच्या कॉलरपाशी तोंड नेलं आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं, "तुमची श्रद्धा कमी पडली." फार बरं वाटलं. अजूनही वाटतं.

भाची पुन्हा परीक्षेला बसतेय. सराव ती माझ्या नवऱ्याच्या पावलावर करते. परवा तिने बोटं बरोबर जागी ठेवली, पाऊल वर घ्यायला सांगितलं, बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "नाही काका, हललं नाही." त्याने मान हलवली आणि कात्री उचलली. खोटा धीर तिने दिला नाही.

तेव्हा कुणी कोच म्हणून समोर आला, तर त्याचे दंड बघून भुलू नका. कुठे शिकलास ते विचारा. कुणाच्या हाताखाली काम केलंस तेही विचारा. आणि चुकलास तेव्हा तुला कुणी अडवलं, हे तर विचाराच. ज्याला कधी कुणी नापासच केलेलं नाही, त्याच्या हातात आपली कंबर देऊ नका.